हनुवटीखाली एक बोट

समजा, तुमच्यासमोर एक माणूस उताणा झोपलाय आणि त्याच्या मेंदूतला मसुराच्या दाण्याएवढा एक ठिपका तुम्हाला जाळायचाय. कवटी उघडायची नाही. भूल द्यायची नाही. माणूस जागा आहे, घाबरलेला आहे आणि त्याच्या नाकाला खाज सुटलीय. ठिपका तुम्हाला दिसत नाही. ज्या किरणांनी तो जाळायचा तेही दिसत नाहीत. ते वेगवेगळ्या दिशांनी थोडे थोडे आत सोडायचे, म्हणजे वाटेतल्या निरोगी भागाला किरकोळ चटका बसतो आणि सगळे जिथे एकमेकांना छेदतात तिथे मात्र काही शिल्लक राहत नाही. ती जागा चुकली तरी किरण एकमेकांना छेदतातच. फक्त दुसरीकडे. चुकायची मुभा एक मिलिमीटर. खिशातलं बँकेचं कार्ड काढा आणि त्याची जाडी बघा. त्याहून जरासं जास्त.

बघा, जमतंय का.

‘त्यात काय, मशीन करतं ना,’ असं बहुतेकजण म्हणतात. मशीन करतं, हे खरंय. त्या मशीनसाठी दीड मीटर जाडीच्या भिंती बांधल्या आहेत. त्याला स्वतःचा वातानुकूलित कक्ष आहे, आणि बाहेर ज्यांच्यासाठी ते आणलं त्यांच्या डोक्यावर एक पंखा आहे, तोही दोनच्या पुढे फिरत नाही. दारावर फलक आहे: ‘चिरफाड नाही, वेदना नाही, संध्याकाळी घरी.’ फलकावर एक हसरं जोडपं आहे. दोघांकडे बघून वाटतं, यांना कॅन्सर सोडा, कधी सर्दीसुद्धा झाली नसेल.

एवढा सगळा थाट, पण रुग्णाचं डोकं जागेवर धरून ठेवतं काय? तर जाळीदार प्लास्टिकचा एक तुकडा. तो गरम पाण्याच्या ट्रेमध्ये मऊ करून माणसाच्या तोंडावर ताणून बसवायचा, आणि हे काम करते चोपन्न वर्षांची एक बाई, उघड्या हातांनी.

विभागात तिला सगळे मोल्डबाई म्हणतात. कारण तिची खोली म्हणजे मोल्ड रूम. खोली कसली, जिन्याखालची जागा. एक उंच टेबल, सत्तर अंशांवर ठेवलेला पाण्याचा ट्रे, टॉवेलांची चळत आणि भिंतीवर खुंट्यांना टांगलेले मास्क. मेंदूत कॅन्सर पसरलेल्या ज्या लोकांवर असा नेम धरून उपचार होणार त्यांचे हे चेहरे. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले, नाकं वेगवेगळी. नवीन माणूस आत आला की दचकतो. मोल्डबाई म्हणतात, “घाबरू नका. माझ्या ओळखीतली सगळ्यात शांत माणसं आहेत ही.”

एकवीस वर्षं त्या हे करतायत. पांढरी जाळी पाण्यात पारदर्शक झाली की उचलायची, टॉवेलावर टिपायची, आणि एका दमात चेहऱ्यावर ओढून टेबलाला अडकवायची. मग हातांनी दाबत राहायचं: नाकाचा दांडा, भुवयांचं हाड, गालफडं, हनुवटी. दहा मिनिटांत ती थंड होऊन कडक होते. झोपलेल्या माणसाला त्या सांगतात, “डोळे मिटा, ओठ मिटा, आणि मनातल्या मनात मला काय शिव्या घालायच्या त्या घाला. चेहऱ्यावर फक्त दिसू देऊ नका.” शेवटी त्यांची स्वतःची एक चाचणी असते, जी कुठल्याच पुस्तकात नाही. करंगळीशेजारचं बोट त्या मास्कच्या हनुवटीखाली सारून बघतात. बोट आत गेलं तर मास्क गेला. पुन्हा पहिल्यापासून.

मशीन बसवायला कंपनीचा जो प्रशिक्षक आला होता, तो हे बघून हसला होता. “मॅडम, ते सगळं आता सॉफ्टवेअर बघतं.”

“सॉफ्टवेअरला बोट आहे का?” मोल्डबाईंनी विचारलं होतं.

‘अत्याधुनिक’ हा शब्द कानावर पडला की मोल्डबाईंच्या नाकपुड्या फुगतात. मशीनबद्दल त्यांची तक्रार नाही. मशीन उत्तमच आहे. उपचाराआधी ते कवटीचे दोन एक्स-रे काढतं, स्कॅनवरच्या हाडांशी ताडून बघतं आणि टेबल केसभर इकडे-तिकडे सरकवून घेतं. तक्रार आहे ती मशीनच्या आसपास वावरणाऱ्या माणसांबद्दल. फोटो जुळला तो क्षण गेला, आणि पुढची वीस मिनिटं माणूस गिळणार आहे, हे फोटोला कळत नाही. माणसांना कळायला हवं. ती मात्र पडद्यावर हिरवा चौकोन उमटला की चहाला जातात.

घरी त्यांच्या कामाची किंमत याहून कमी. त्यांचे मोठे दीर चष्म्याचं दुकान चालवतात. अडुसष्ट वर्षांचे, ताठ, कपड्यांना कडक इस्त्री, आणि बोलणं त्याहून कडक. गल्लीत त्यांना चष्मेवाले म्हणतात आणि तेही स्वतःला तसंच म्हणवून घेतात. पाहुण्यांशी ओळख करून देताना ते धाकट्या भावजयीबद्दल सांगायचे, “ही आमची धाकटी. दवाखान्यात प्लास्टिक वाफवते.”

गंमत अशी की चष्मेवाले स्वतः चाळीस वर्षं प्लास्टिकच वाफवतायत. गरम हवेच्या नळीसमोर फ्रेमची काडी धरायची, मऊ झाली की वाकवायची, गिऱ्हाइकाच्या कानामागे बसवून बघायची. एकदा मोल्डबाई म्हणाल्याही, “भावजी, तुम्ही काय करता मग?”

“मी? मी माणसाला दृष्टी देतो.”

“दृष्टी भिंग देतं. तुम्ही काडी वाकवता.”

त्यावर चष्मेवाले महिनाभर बोलले नव्हते. घरातल्यांनी तो महिना शांततेत काढला.

चष्मेवाल्यांना दुसरा अभिमान दातांचा. तरुणपणी अक्रोड दातांनी फोडून दाखवायचे. पुढे केव्हातरी अक्रोड उष्ण पडतात म्हणून सोडले. तरी येताजाता सांगायचे, “बत्तीसच्या बत्तीस आहेत. आजकालच्या पोरांचे तिशीतच किडतात.” त्यांच्या या वाक्याला त्यांची बायको, म्हणजे मोल्डबाईंची मोठी जाऊ, नेमकी उठून आत काहीतरी आणायला जायची. इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मोल्डबाईंच्याही नाही, आणि याबद्दल त्यांनी स्वतःला पुढे फार सुनावलं.

मग फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. औषधांनी तो आटोक्यात आलाय असं म्हणेपर्यंत चष्मेवाल्यांच्या मेंदूत तीन गाठी दिसल्या. दोन अशा जागी, की जाळल्या तरी फार कुणाचं बिघडणार नाही. तिसरी मसुराएवढी, पण डोळ्यांच्या नसेपासून चार मिलिमीटरवर. डॉक्टरांनी समजावलं, एकाच बैठकीत तिन्ही जाळू. नेम चांगला लागला तर दृष्टीला धक्का नाही. नेम सरकला तर नस भाजेल, आणि भाजलेली नस पुन्हा होत नाही. ते लगेच नाही कळणार, काही महिन्यांनी कळेल.

चष्मेवाल्यांनी ऐकून घेतलं. मरणाबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. दृष्टीबद्दल अकरा विचारले. घरी आल्यावर म्हणाले, “मी जायचा तेव्हा जाईन. आंधळा होऊन नाही जाणार. दुसऱ्याचा हात धरून स्वतःच्या दुकानाची पायरी मी चढणार नाही.”

आणि मास्क बनवायला त्यांना धाकटीच्याच टेबलावर झोपावं लागलं. त्या दवाखान्यात दुसरं कुणी हे काम करतच नव्हतं.

त्या दिवशी चष्मेवाले, मोठी जाऊ आणि इंजिनिअर मुलगा असे तिघे जिन्याखालच्या खोलीत दाटीवाटीनं उभे. मोल्डबाईंनी नेहमीचा अर्ज काढला.

“दम्याचा त्रास?”

“नाही.”

“बंद जागेची भीती?”

“तुझ्या या खोलीत उभा आहे ना? मग?”

“कवळी?”

“काय?”

“कवळी, भावजी. बसवलेले दात. आहेत का?”

“धाकटे,” चष्मेवाले मुलाकडे बघत हसले, “तू आमच्या घरात किती वर्षं आहेस? माझ्या दातांबद्दल मला विचारतेस?”

मुलगा हसला. जाऊबाई पाण्याच्या ट्रेकडे टक लावून बघत होत्या. मोल्डबाईंनी ‘नाही’वर खूण केली. ही खूण म्हणजे या गोष्टीतली चूक, आणि ती करायला तिघं लागली: एक खोटं बोलणारा, एक गप्प बसणारी, आणि एक लिहून घेणारी. कारण कवळी असती तर नियम सोपा होता. मास्क बनवताना तोंडात असेल तर उपचारालाही तोंडातच हवी. पण जी कवळीच नाही तिच्याबद्दल सूचना कोण देणार?

मास्क उत्तम बसला. मोल्डबाईंनी हनुवटीखाली बोट सारून बघितलं. गेलं नाही. त्यावरच सीटी स्कॅन झाला, आणि स्कॅनवर फिजिसिस्टनं तीन दिवस खपून किरणांचा आराखडा केला.

जाळीची नक्षी उमटलेला चेहरा घेऊन चष्मेवाले उठले आणि मास्क हातात घेऊन उलटापालटा करून बघू लागले. “कडा घासून गुळगुळीत करायला हव्यात,” ते म्हणाले. “माझ्या दुकानात असला माल मी गिऱ्हाइकाला देत नाही.”

“तुमच्या दुकानात गिऱ्हाईक टेबलाला आवळून ठेवत नाहीत,” मोल्डबाई म्हणाल्या. “ते पळून जाऊ शकतं.”

आठ दिवसांनी उपचाराचा दिवस आला. सकाळी वॉर्डातल्या नर्सनं चष्मेवाल्यांच्या हातात एक छापील कागद दिला: चष्मा, घड्याळ, अंगठी, कवळी काढून ठेवणे. हा कागद खरं तर ऑपरेशन थिएटरचा. पण दवाखान्यात एकदा छापलेला कागद संपेपर्यंत सगळ्यांनाच वाटतात. चष्मेवाल्यांनी कागद वाचला. आयुष्यभर कुणाचं न ऐकलेला माणूस त्या सकाळी भीतीनं एकदम आज्ञाधारक झाला. ते न्हाणीघरात गेले, बाहेर आले आणि चष्म्याचं एक घर बायकोच्या हाती देऊन म्हणाले, “पर्समध्ये ठेव. उघडू नकोस.” जणू तिला माहीत नव्हतं. त्यानंतर ते कुणाशी फारसं बोलले नाहीत. घाबरलेत, असं सगळ्यांना वाटलं.

उपचाराच्या खोलीत मोल्डबाईंनी त्यांना झोपवलं, मास्क चढवून अडकवला. खटके नेहमीसारखे बसले. सवयीनं त्यांनी हनुवटीखाली बोट सारलं.

बोट आत गेलं. नुसतं गेलं नाही, शेजारचं दुसरंही गेलं.

“भावजी, वजन फार उतरलंय का?”

मास्कमधून “अं-हं” असा आवाज आला. म्हणजे नाही.

मोल्डबाई बाहेर नियंत्रण कक्षात आल्या. तिथे डॉक्टर होते, फिजिसिस्ट होती, आणि ‘मुलगा इंजिनिअर आहे, त्याला बघू दे’ म्हणून डॉक्टरांनी आत घेतलेला पुतण्याही होता. आतल्या खोलीतला प्रत्येक आवाज तिथल्या स्पीकरवर ऐकू येतो, आणि कॅमेऱ्यातून आतलं सगळं दिसतं. पडद्यावर एक्स-रे जुळले होते. फरक दोन दशांश मिलिमीटर. चौकोन हिरवा.

“उत्तम,” डॉक्टर म्हणाले. “सुरू करू या. बाराला माझं वर सभागृहात व्याख्यान आहे.” व्याख्यानाचा विषय होता ‘मिलिमीटरच्या आतली अचूकता’.

“मास्क सैल आहे,” मोल्डबाई म्हणाल्या.

“पण फोटो जुळलाय.”

“आत्ता जुळलाय. ते वीस मिनिटं आत आहेत.”

“मोल्डबाई, तुमचं ते बोट ना—” डॉक्टर हसले. “तुम्ही सही करा. उशीर होतोय.”

नियमानं सुरू करण्याआधी तीन सह्या लागतात. डॉक्टर, फिजिसिस्ट, तंत्रज्ञ. पहिल्या दोन झाल्या होत्या. फिजिसिस्ट पडद्याकडे बघत होती. वरिष्ठांच्या तोंडाकडे बघायचं नसलं की पडद्याचा फार उपयोग होतो.

मोल्डबाईंनी पेन घेतलं नाही. माइकचं बटण दाबून म्हणाल्या, “भावजी, एकदा आवंढा गिळा. नीट, जोरात.” आणि फिजिसिस्टला म्हणाल्या, “आता परत फोटो काढ.”

फोटो आला. एक पूर्णांक सात. चौकोन लाल.

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि मग खुर्ची ओढून बसले. “काका,” माइकवर म्हणाले, “गिळू नका हं.”

“वीस मिनिटं?” मोल्डबाई म्हणाल्या. “तुम्ही नका गिळू बरं वीस मिनिटं. मी वेळ लावते.”

पुतण्याला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. त्याला अजून कळलं नव्हतं की चाललंय ते त्याच्या बापाच्या डोळ्यांबद्दल.

डॉक्टर म्हणाले, नवा मास्क, नवा स्कॅन, नवा आराखडा, म्हणजे निदान आठवडा. आणि डोळ्याजवळची गाठ आठवडाभरात किती वाढेल, नसेला किती चिकटेल, ते सांगता येत नाही. मोल्डबाईंनी शेजारच्या संगणकावर आठ दिवसांपूर्वीचा सीटी उघडला. सगळ्यांनी तो दहा-दहा वेळा बघितला होता, पण भुवयांच्या वरचा. गाठी वर होत्या, खाली बघायला कोण जातंय? त्या चित्र सरकवत नाकाखाली आल्या, आणखी खाली आल्या.

खालचे दात पांढरेशुभ्र, हाडासारखे, आणि प्रत्येकाचं मूळ जबड्यात रुतलेलं. वरचे मात्र फिके, राखाडी. त्यांना मुळं नव्हती. वरच्या जबड्याचं हाड सपाट होतं आणि दातांची अख्खी ओळ त्याच्याखाली नुसती टेकलेली.

बत्तीसच्या बत्तीस.

क्षणभर मोल्डबाईंना इतका राग आला की तसंच आत जाऊन मास्क उचकटावा आणि स्पीकरवर सगळ्यांना ऐकवावं. एका माणसाच्या ऐटीपायी मशीन, डॉक्टर, तीन दिवसांचा आराखडा, सगळं खोळंबलं होतं. आणि ती ऐट कशाची, तर अक्रोडाची. पण त्या तोंडातलं त्या तोंडाबाहेर काढायची ही जागा नव्हती. त्यांनी ते चित्र बंद केलं.

“दहा मिनिटं द्या,” त्या म्हणाल्या. “मास्क काढते, त्यांना जरा बसू दे. नवा मास्क लागणार नाही.”

“कशावरून?”

“मी सांगते म्हणून.”

बाहेर बाकावर जाऊबाई पर्स पोटाशी धरून बसल्या होत्या.

“ताई, द्या ते.”

“काय गं?”

“तुम्हाला माहितीय काय.”

जाऊबाईंचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल. “अगं, त्यांनी शपथ घातलीय मला. बारा वर्षं झाली. आपल्या घरी सांगितलं होतं ना, नातेवाइकांकडे आठवडाभर राहून येतो म्हणून, तेव्हाच वरचे सगळे काढून आले.”

“बारा वर्षं?”

“मुलालासुद्धा माहीत नाही.”

“ताई, आत त्यांचा डोळा जायची वेळ आलीय आणि तुम्ही शपथ राखताय?”

जाऊबाईंनी पर्स उघडली, चष्म्याचं घर काढलं, पण हातातून सोडलं नाही. “तुला खूप आनंद झाला असेल,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं तुला टोमणे मारले त्यांनी.”

“होईल तेव्हा होईल. आधी द्या.”

आत चष्मेवाले टेबलावर उठून बसले होते. पाठ ताठ, ओठ आत गेलेले, एका हातानं तोंड झाकलेलं. त्या आठ दिवसांत ते म्हातारे झाल्यासारखे दिसत होते, पण ते आजारानं नव्हतं.

“भावजी, तुमचा चष्मा,” मोल्डबाई मोठ्यानं म्हणाल्या आणि ते घर त्यांच्या हातात दिलं. स्पीकरवर पुतण्याचा आवाज आला, “काकू, मास्कखाली चष्मा चालतो?”

“तू इंजिनिअर आहेस ना? गप्प बस.”

चष्मेवाल्यांनी हातातल्या घराकडे बघितलं. मग धाकटीकडे. कॅमेऱ्याकडे पाठ करून मोल्डबाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, पदर सावरावा तसा ॲप्रन दोन्ही बाजूंनी पसरून. चष्मेवाल्यांनी घर उघडलं, आतलं काढलं, बसवलं. एक बारीकसा आवाज झाला. चेहरा पुन्हा होता तसा भरला, आणि भरल्याबरोबर माणसाचं तोंडही परत आलं.

“किती वेळ उघडं ठेवलंस मला इथे,” ते कुजबुजले.

“झोपा.”

मास्क बसला. बोट गेलं नाही. फोटो: दोन दशांश. “गिळा.” फोटो: तीन दशांश. मोल्डबाईंनी सही केली. डॉक्टरांनी काही विचारलं नाही. बाराला दहा कमी होती आणि न विचारण्याइतकी हुशारी त्यांच्याकडे होती. मशीन वीस मिनिटं चाललं. व्याख्यानही झालं म्हणतात, आणि टाळ्या पडल्या.

मास्क काढल्यावर चष्मेवाले पहिलं वाक्य बोलले ते असं: “तुझा मास्क सैल होता.”

“हो,” मोल्डबाई म्हणाल्या. “तुमचं तोंड सैल होतं ना, म्हणून.”

तीन महिन्यांनी स्कॅन झाला. मोठ्या दोन गाठी आक्रसल्या होत्या, डोळ्याजवळची तर शोधावी लागली. त्यानंतर आणखी महिने गेले. मोल्डबाई दर पंधरवड्याला दुकानात जाऊन दिरांचे डोळे तपासायच्या. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता चष्मेवाल्यांना चाळीस वर्षं पाठ, तेव्हा त्या वर्तमानपत्रातल्या बारीक जाहिराती वाचायला द्यायच्या. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून. “जुनी सायकल विकणे आहे,” चष्मेवाले खणखणीत वाचायचे. “ब्रेक नाही. हे घे, ब्रेक नाही आणि विकतोय! माणसं किती खोटी झालीत.” मोल्डबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. ते मात्र सायकलवाल्यावरच चिडलेले. दहाव्या महिन्यात डॉक्टरांनीही सांगितलं, नस शाबूत आहे. त्या गोष्टीबद्दल घरात कुणी एक शब्द बोललं नाही. आभार वगैरे या घरात पद्धत नाही. पाहुणे आले की अजून ओळख होते, “आमची धाकटी, प्लास्टिक वाफवते.”

म्हणजे इथे गोष्ट संपायला हवी. माणूस वाचला, डोळे वाचले, अब्रूसुद्धा वाचली. मोल्डबाईंची मात्र संपली नाही.

त्यांनी अर्ज बदलून घेतला. कवळीचा प्रश्न आता दोनदा असतो, एकदा रुग्णाला आणि एकदा घरच्या माणसाला, वेगवेगळ्या खोलीत. आवंढा गिळल्यानंतरचा दुसरा फोटोही नियमात आला. डॉक्टरांनी ही सुधारणा पुढच्या व्याख्यानात घेतली, स्वतःची म्हणून. मोल्डबाईंना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना वाटलं ते वेगळंच. आजपासून दोनदा विचारतो, म्हणजे काल एकदाच विचारत होतो. आणि कालपर्यंत या टेबलावर झोपून गेलेली माणसं काय सगळी खरं बोलणारी होती?

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्या जुने सीटी उघडून बसू लागल्या. मशीन आल्यापासूनचे सगळे. वर मेंदूत काय आहे ते बघायचंच नाही, सरळ नाकाखाली यायचं आणि मुळं बघायची. फिजिसिस्टनं एकदा विचारलं, “बाई, काय शोधताय?”

“खोटं बोललेली माणसं.”

चौदा जणांच्या वरच्या दातांना मुळं नव्हती. त्यांतल्या नऊ जणांच्या अर्जात कवळीपुढे ‘नाही’ होतं, आणि ती खूण मोल्डबाईंच्याच हातची होती. त्या नऊंमध्ये चष्मेवाले धरून दोघांचीच गाठ डोळ्यांच्या नसेजवळ होती. दुसरी होती एक निवृत्त बस कंडक्टर. मोल्डबाईंना तिचा चेहरा आठवेना, पण आवाज आठवला. झोपता झोपता म्हणाली होती, “आवळा चांगला. उभ्यानं तिकिटं फाडलीत तीस वर्षं, पडायची भीती नाही मला.” उपचारानंतर आठ महिन्यांनी तिच्या उजव्या डोळ्यापुढे पडदा आला. फाइलमध्ये एकच ओळ होती: ‘आजाराचा परिणाम असण्याची शक्यता.’ पुढे चार महिन्यांनी ती फुप्फुसाच्याच आजारानं गेली. शेवटचे चार महिने ती एका डोळ्यानं बघत होती.

त्या दिवशी हनुवटीखाली बोट सारून बघितलं होतं का? बघितलंच असणार, सवय आहे. गेलं होतं का? मोल्डबाईंना आठवत नाही. चेहरे शेकडो, बोट एकच. मास्क उपचारानंतर फेकून देतात. त्या दिवशीचे एक्स-रे होते, पण ते फक्त नाकापर्यंतचे. तोंड त्यात येतच नाही.

त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, “आता कळून काय उपयोग? आणि आजारानंही होतं असं.”

“होतं ना. म्हणूनच विचारतेय, कशानं झालं.”

“बाई, तुम्ही चांगलं काम करता. आपणहून हात दाखवून अवलक्षण कशाला?”

‘शक्यता’ हा शब्द कुणी शोधून काढला कोण जाणे, पण दवाखाने त्यानंतरच बांधले असावेत. एका शब्दात एक डोळा मावतो आणि वर जागा उरते.

फाइलवर कंडक्टरच्या मुलीचा नंबर होता. मोल्डबाईंनी तीन दिवस तो नुसता बघितला. चौथ्या दिवशी मोल्ड रूमचं दार लोटून घेतलं, ट्रेखालचं बटण बंद केलं आणि फोन लावला. पलीकडे कुठल्यातरी कार्यालयाचा गलका होता.

“दवाखान्यातून? आता काय राहिलंय? कागद सगळे दिलेत आम्ही.”

“कागद नकोय. मी तुमच्या आईचा मास्क बनवला होता. एक विचारायचं होतं.”

“मास्क? अच्छा, त्या जाळीवाल्या तुम्ही!” आवाज निवळला. “आई फार कौतुक करायची तुमचं. म्हणायची, एक बाई बोलते माणसासारखं, बाकी सगळे वाचून दाखवतात.”

मोल्डबाईंना ते कौतुक गिळवेना. भिंतीवरचे मास्क डोळे मिटून लटकत होते.

“तुम्ही त्या दिवशी होतात ना आईबरोबर? उपचाराच्या दिवशी?”

“होते की. का हो?”

“सकाळी नर्सनं एक कागद दिला असेल. चष्मा, अंगठी काढून ठेवा असा. आठवतोय?”

“काहीतरी दिला होता खरा. का पण? काय झालं?”

पलीकडचा गलका अचानक कमी झाला. मुलगी उठून बाहेर गेली असावी.

“जरा आठवून सांगा,” मोल्डबाई म्हणाल्या. “आत जाताना तुमच्या आईची कवळी तोंडात होती, की तुमच्याजवळ काढून दिली होती?”